जिवंत नळी

एल्डन स्टकीने उभा जन्म दुसऱ्यांच्या शेतातलं पाणी हाकलण्यात घालवला. आमच्या भागात हा धंदा करणारी घराणी दोन-तीनच, आणि त्यात स्टकींचं नाव पहिलं. आजा कुदळ-फावड्याने चर खणायचा, बाप घोड्यांच्या यंत्राने, एल्डन डिझेलच्या. काम एकच. भाजलेल्या मातीची हातभर लांबीची नळकांडी कंबरभर खोल चरात टोकाला टोक लावून मांडायची आणि वरून माती लोटायची. सांध्यांतून पाणी आत झिरपतं, उताराने वाहत मोठ्या चराला जाऊन पडतं, वरचं शेत कोरडं होतं. ओहायोच्या या कोपऱ्यातली दलदल मक्याचं रान झाली ती एवढ्याच भांडवलावर. आमच्याकडे कुणाला मोठेपणा सांगायचा झाला तर तो घर दाखवत नाही, पायाखाली बोट करतो आणि म्हणतो, "इथं खाली नळीच नळी आहे."

नळी वाहत असली की तिला जिवंत म्हणतात, तुंबली की ती मेली. एखाद्याच्या मक्यात पाणी साचलं की शेजारी कुंपणावरून ओरडतो, "तुझी नळी मेली वाटतं रे!" मग तो माणूस घरात कुणी गेल्यासारखं तोंड करून एल्डनच्या दारात उभा राहतो.

असा हा एल्डन पंचाहत्तरी उलटल्यावर निसर्ग केंद्राच्या हौशी मंडळींबरोबर फावडं घेऊन नळ्या मारत हिंडू लागला, तेव्हा गावाची फुकट करमणूक झाली. हार्टमन म्हातारीने मरताना आपलं शेत गावाला लिहून दिलं होतं. गावाने तिथे केंद्र काढलं, शाळांच्या सहली येऊ लागल्या, पक्षी बघायला लाकडी मचाण झालं. मागच्या खोलगट शेतात पूर्वीची पाणथळ परत आणायची असं ठरलं. त्यासाठी आधी जमिनीखालच्या नळ्या शोधून फोडायच्या होत्या, आणि त्या सगळ्या एल्डनने किंवा त्याच्या बापाने घातलेल्या. केंद्र चालवणारी जोलीन सरळ त्याच्याकडे गेली. घरी बसून भिंतींशी बोलण्यापेक्षा हे बरं, असा विचार करून तो हो म्हणाला.

भिंतींशी तो खरंच बोलत असे. म्हणजे बायकोशी. व्हर्डाला जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की तो तिला हवापाणी सांगायचा, कोण आजारी, कुणी कुठला ट्रॅक्टर घेतला, सगळं. यात त्याला काही वेगळं वाटत नसे आणि खरं सांगायचं तर आम्हालाही वाटत नसे. बायको गेली म्हणून कोण गप्प बसतो?

त्याची खरी खोड काढायचा तो त्याचा मेव्हणा वेंडल. व्हर्डाचा धाकटा भाऊ. चर्चच्या दफनभूमीची देखभाल त्याच्याकडे होती, गवत कापणं, खड्डे खणणं, कलंडलेले दगड सरळ करणं.

"जन्मभर पाण्याला धक्के मारून घालवलंस," तो कुंपणापलीकडून ओरडला, "आणि आता पानसुपारी देऊन परत बोलावतोस होय?"

"पाणी आणि मेव्हणा, हाकलला तरी येतोच," एल्डन म्हणाला. "निदान आपण होऊन बोलावलं तर उपकार तरी होतात."

"तुझा बाप कबरीत कूस बदलत असेल."

"तू खणलीस ना ती कबर? मग त्याला कूस बदलायला जागा कुठली!"

हिवाळा येईपर्यंत नळ्या मारून झाल्या. खालच्या बाजूला मातीचा ठेंगणा बांध घातला. हिवाळ्यात बर्फ पडलं, ते वितळलं, मार्चात पाऊस झाला आणि खोलगट शेतात पाणी उभं राहिलं. त्या पाण्यावर बदकं उतरली. कुठून कोण जाणे, बेडूक आले. कुणाच्या आजानेच काय ते ऐकले असतील, असे बारके, कर्कश बेडूक संध्याकाळी इतके ओरडायचे की लोक गाड्या थांबवून काचा खाली करायचे. गवताच्या काड्यांना अंड्यांचे बुळबुळीत पुंजके लटकले. शाळेची पोरं येऊन नाकं पाण्याला टेकवून बघून गेली.

आणि ईस्टर होऊन थोडे दिवस गेले न गेले तोच पाणी उतरायला लागलं. उन्हाने उतरतं तसं नाही. भांड्याला भोक पडावं तसं. घोट्याएवढं राहिलं, मग चिखल राहिला, मग तोही भेगाळला. अंड्यांचे पुंजके काड्यांवर वाळून जुन्या डिंकासारखे पिवळे झाले. हौशी मंडळी बादल्या घेऊन जी मिळतील ती अंडी चरात नेऊन सोडत होती. एल्डनही बादली घेऊन वाकला होता. वाळलेला एक पुंजका त्याच्या बोटांत चुरला.

जोलीन त्याच्याजवळ आली. गुडघ्यापर्यंत चिखल, डोळे लाल. तिच्या बापाच्या शेतातही एल्डननेच नळ्या घातलेल्या. लहानपणी ती चराच्या काठावर बसून त्याचं काम बघायची, पुढे विद्यापीठात पाण्याचंच शिकून गावात परत आली होती.

"एल्डन, एखादी नळी राहिली असेल का हो?"

"नाही."

"जरा आठवून बघा ना."

"आठवायचं काय त्यात? नाही म्हटलं ना!"

तो इतका तडकून बोलला की पलीकडे बादली घेऊन उभ्या असलेल्या दोघी मागे वळल्या. जोलीन पुढच्या पुंजक्याकडे वळली.

एल्डन खोटं बोलला होता. एक नळी होती. शरदात बाकीच्या फोडल्या जात असताना तो मुद्दाम तिच्या रेघेवर पाय फाकून उभा राहत असे, यंत्र तिकडे वळू नये म्हणून.

आता ही नळी कुठली, ते सांगायला हवं. व्हर्डाला पहिलं मूल झालं तेव्हा ती विशीत होती. मुलगा. लायल नाव ठेवलं. नऊ दिवस जगला. मार्च महिना, जमीन नुकतीच मोकळी होत होती. दफनभूमीतल्या उंचवट्यावरच्या जागा जुन्या घराण्यांच्या. स्टकींच्या वाट्याला खालचा कोपरा आला. संध्याकाळी खणलेल्या खड्ड्यात सकाळी पाणी होतं. थोडं उपसलं, पुन्हा भरलं. पाळक वाट बघून थांबले आणि शेवटी म्हणाले, उरकून घेऊ. पाइनच्या फळ्यांची ती एवढीशी पेटी दोरांनी खाली सोडली, दोर ओढून घेतले, आणि पेटी वर आली. तरंगली. एका टोकाकडे झुकून गोल फिरली. वेंडल तेव्हा सतरा-अठरा वर्षांचा. त्याने आणि आणखी एकाने फावड्यांनी ती दाबून धरली, बाकीच्यांनी घाईघाईने माती लोटली. माती पडत असताना वेंडलचं फावडं पेटीवर ठकठक वाजत होतं.

व्हर्डा काठावर उभी होती. ती रडली नाही. घरी येऊन तिने नूडल उकडायला ठेवले. पण पुढे कितीतरी दिवस, भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, ती मध्येच थांबून एवढंच म्हणायची, "तो वर आला."

त्या वर्षी मका कापून झाल्यावर एल्डनने ती नळी घातली. दफनभूमीत खणायला चर्चच्या वडीलधाऱ्यांनी कधीच परवानगी दिली नसती, म्हणून कुणाला विचारलं नाही. म्हातारीच्या नवऱ्याला, हार्टमनला, तेवढं कुंपणापाशी गाठलं. तो म्हणाला, माझ्या शेतातून जाऊ दे, मला काही दिसलं नाही. एल्डनने यंत्र लावलं नाही. फावड्याने गवताचा थर उचलायचा, नळकांडी बसवायची, थर परत ठेवून थोपटायचा. लेकराच्या पायांच्या खालून निघून कुंपणाखालून, हार्टमनच्या खोलगट शेतातून, थेट रस्त्याकडेच्या चरापर्यंत. पहिलं पाणी आलं तेव्हा तो व्हर्डाला घेऊन गेला. ती चरात उतरली, गुडघ्यांवर बसली आणि तिने नळीच्या तोंडाखाली तळहात धरला.

"हे त्याच्याकडचं?"

"हो."

"म्हणजे तो आता कोरडा."

"कोरडा," एल्डन म्हणाला.

त्यानंतर आयुष्यभर दर रविवारी प्रार्थना संपली की लोक बाहेर गप्पा मारत उभे राहायचे आणि ती दोघं चराकडे चालत जायची. गावाला वाटायचं, नवराबायकोचं गूळपीठ फार. व्हर्डा वाकून बघायची, थेंब पडत असले की पदरात काही पडल्यासारखी परत फिरायची. ऑगस्टात चर आटला, थेंब थांबले की तो रविवार तिला जड जायचा. पुढे मुली झाल्या, मोठ्या झाल्या, लांब गेल्या, तरी हा फेरा चुकला नाही. शेवटच्या दुखण्यात तिने सांगितलं, "मला त्याच्या शेजारी ठेव. आणि बघत जा." तिची पेटी आता नव्या रीतीप्रमाणे सिमेंटच्या खोक्यात उतरवली गेली. पण लेकराला पाइनच्या चार फळ्याच होत्या. एल्डन दर रविवारी एकटा चराकडे जायचा, थेंब बघायचा, परत येऊन तिच्या दगडाजवळ टोपी काढून म्हणायचा, "चालू आहे."

त्या पेटीत आता काय उरलं असणार, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. भाजलेल्या नळकांड्यांनाही जिथे मुळं सोडत नाहीत तिथे नऊ दिवसांच्या हाडांचं काय! कळत होतं. पण कळणं वेगळं आणि तिला जाऊन सांगणं वेगळं.

अंडी वाळली तेव्हापासून व्हर्डा त्याला घरात राहू देईना. आधी ती फक्त त्याचं ऐकून घ्यायची, आता विचारायला लागली. तो तोंड धुवत असला की मोरीत पाणी जाताना ती विचारायची, "चालू आहे ना?" तो म्हणायचा, "चालू आहे बाई, चालू आहे." पावसाची पन्हळ वाजली की विचारायची. केंद्राच्या शेतातून जाताना तर त्याला स्पष्ट वाटायचं की ती त्या रेघेवरून पुढे चालली आहे, आखूड पावलं टाकत, रविवारच्या बुटांना चिखल लागू नये म्हणून फ्रॉक वर धरून, आणि मागे वळून बघत नाहीये. त्याला लाज वाटत होती, केंद्रातल्या माणसांनी केलेल्या कष्टांची, त्या बेडकांची. आणि त्या लाजेहून मोठी होती भीती. नळी मारली तर पेटी पुन्हा वर येईल असं त्याला वाटायचं. वेडेपणाच, पण तो खरोखर घाबरत होता.

जूनमध्ये एक दणकून पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी जोलीनने त्याला मचाणावर बोलावलं. वर चढताना तिने त्याचा हात धरला आणि कठड्याशी उभं केलं. खाली सगळं शेत ओलं, काळं दिसत होतं. फक्त एक फिकट पट्टा, पाऊलभर रुंद, कुंपणापासून निघून सरळ चराकडे गेलेला. नळीवरची माती सगळ्यांत आधी वाळते. जोलीनला हे पुस्तकातूनही ठाऊक होतं आणि बापाच्या शेतातूनही.

"ते काय आहे, एल्डन?"

"हरणांची वाट."

"हरणं इतकी सरळ चालत नाहीत."

"आमच्या वेळची चालायची."

ती हसली नाही, रागावलीही नाही. कठड्यावर कोपर टेकून पट्ट्याकडे बघत राहिली. "कुंपणापलीकडे दफनभूमी आहे," ती हळूच म्हणाली. "मला एवढंच सांगा, कुणासाठी घातली होती?"

असं कुणी विचारेल याची एल्डनने तयारी केली नव्हती. का घातली, कधी घातली, लपवली का, या सगळ्याला त्याच्याकडे उत्तरं होती. त्याने टोपी काढली, आतल्या घामाच्या डागाकडे बघत राहिला आणि मग सगळं सांगितलं. पेटी तरंगली तेही सांगितलं. हे त्याने मुलींनाही कधी सांगितलं नव्हतं.

जोलीनने कुंपणापासून चरापर्यंत नजर फिरवली. मग म्हणाली, "नळी मारायचीच असं कुठे आहे? शेताच्या भागात हिला काढून बंद पाइप घालू. प्लॅस्टिकचा, सांधा नाही, भोक नाही. तिकडचं पाणी आमच्या तळ्याच्या पोटातून निघून जाईल आणि तळ्याला पत्ताही लागणार नाही."

एल्डन तिच्याकडे बघत राहिला. तसले पाइप त्याने स्वतः कोठारांखालून घातले होते. इतकी सोपी गोष्ट! पण त्यासाठी तोंड उघडावं लागलं असतं, आणि तोंड उघडलं की व्हर्डाचं दुःख गावाचं झालं असतं, चर्चनंतरच्या जेवणात सफरचंदाच्या पायबरोबर वाढलं गेलं असतं. म्हणून डोकं तिकडे वळलंच नव्हतं.

"बाळाचं नाव काय होतं?" जोलीनने विचारलं.

"लायल." त्याने नाक शिंकरलं. ते नाव व्हर्डाखेरीज कुणापुढे घ्यायची वेळ कित्येक वर्षांत आली नव्हती.

त्या रात्री मोरीतून प्रश्न आला नाही. एल्डनने तिला पाइपचं सगळं समजावून सांगितलं, जाडी किती, उतार किती. ती ऐकत होती.

सप्टेंबरात, जमीन वाळलेली असताना, काम निघालं. वेंडल दफनभूमीच्या बाजूने कुंपणाशी येऊन उभा राहिला. एल्डनकडून सगळं ऐकल्यावर पाळकांची परवानगी त्यानेच आणली होती.

"इतकी वर्षं माझ्या हद्दीत चोरून नळी," तो म्हणाला. "आणि मी तुला थँक्सगिव्हिंगला टर्कीची तंगडी देत आलो."

"वाळकी तंगडी. तिला कोण विचारतो!"

यंत्राने कुंपणालगत खड्डा उकरला. शेवटची वीतभर माती काढायला एल्डन स्वतः खाली उतरला, कुणाचं ऐकलं नाही. नळकांडी दिसली, लालसर, त्याच्या हाताने मांडलेली, सांधे अजून सरळ. शेताकडच्या नळकांड्याच्या तळाशी ओलावा होता. त्याने बोट घालून बघितलं आणि वर बघून मान डोलावली. मग कुंपणाकडचं नळकांडं फावड्याच्या टोकाने उचकटलं.

ते आतून गच्च भरलेलं होतं. मुळं. तांबूस, केसांसारखी बारीक, एकात एक गुंतलेली. त्याने मूठभर धरून ओढली तर घोड्याच्या शेपटासारखी हातभर लांब बाहेर आली आणि अजून होतीच. त्यांच्या मागे माती बसलेली, कोरडी, खडखडीत, दगड झालेली. पुढचं नळकांडं फोडलं. तेच. त्यात अंगठ्याएवढं जाड झालेलं एक मूळ होतं.

एल्डन खड्ड्यात तसाच बसला. मूळ इतकं जाड व्हायला किती वर्षं लागतात हे त्याला नीट माहीत होतं. गावभर फिरून त्याने हीच मुळं उपटली होती. ही नळी व्हर्डा गेल्यानंतर मेलेली नव्हती. ती हयात असताना, मुली लहान असताना, केव्हाच मेली होती. चरात पडत होते ते थेंब हार्टमनच्या शेतातले होते. आयुष्यभर तिने वाकून बघितलं ते भलतंच पाणी होतं.

कुणाची मुळं ते कुणी विचारलं नाही. खड्ड्याच्या डोक्यावरच तो मेपल उभा होता, चंदेरी पानांचा, कुंपणाच्या आतला, सगळ्या दफनभूमीत सर्वांत मोठा. व्हर्डाने तो आणला होता, लायल गेल्याच्या दुसऱ्या वसंतात, आईच्या अंगणातून, बादलीत घालून. लेकरावर सावली हवी म्हणाली. एल्डन फावडं घेऊन शेजारी उभा होता. "मेपल आणि नळी एका घरात नांदत नाहीत," हे वाक्य तो जन्मभर शेतकऱ्यांना ऐकवत आला. पण त्या सकाळी गाडीतून येताना ती वर्षभरानंतर पहिल्यांदा गुणगुणत होती. तिने जागा दाखवली. त्याने डोळ्यांनी अंतर मोजलं, पुरेल असं स्वतःला सांगितलं आणि खड्डा खणून दिला.

वेंडल कुंपण ओलांडून काठावर येऊन बसला. पाय खाली सोडून.

"दर वसंतात गवताचं यंत्र तिथं रुततं," तो म्हणाला. "त्यांच्यापाशीच. चाक निघता निघत नाही. मी तुला बोललो नाही."

"का?"

"तू रविवारी चराकडून परत यायचास ना, ते तोंड बघून."

जोलीन दुसऱ्या बाजूने वाकली. "कबरीपर्यंत नवीन नळी टाकू या. मी बोलते पाळकांशी. एक दिवसाचं काम आहे."

एल्डनने मेपलकडे बघितलं, मग त्यापलीकडच्या दोन दगडांकडे, एक लहान, एक मोठा. नवीन चर काढायचा तर त्या दोघांच्या मधूनच जाणार, आणि झाडाचं अर्धं मूळ तोडत जाणार. तिने लावलेलं झाड, तिने निवडलेली जागा.

"वरच्या लोकांना काही होणार नाही ना? उंचवट्यावरच्या?" त्याने विचारलं.

"नाही. तळं भरलं तर फक्त हा कोपरा जरा जास्त ओला राहील."

"हा कोपरा आमचाच आहे," एल्डन म्हणाला. "मारून टाका."

पण यंत्रवाल्याला त्याने हात लावू दिला नाही. फावडं उलटं धरून एकेक नळकांडं स्वतः फोडलं, चिकणमाती भरली आणि वर उभं राहून पायाने दाबली. त्याला धाप लागली होती. वेंडल शेजारी उतरला आणि तोही दाबू लागला. दोघंही एकमेकांकडे न बघता दाबत होते, आणि दोघांनाही ठाऊक होतं की त्या पेटीवर फावडी धरून आपण दोघांनीच हे पूर्वी एकदा केलंय.

त्या हिवाळ्यात एल्डन स्वयंपाकघरात बोलेनासा झाला. रेडिओ लावून ठेवायचा, मोठ्याने, बाजारभाव आणि भजनं काही चालेल. तोंड धुवायला पाणी बेताचं घ्यायचा. रविवारी चर्चमधून निघाला की सरळ गाडीत. चराकडे नाही, दगडाकडे नाही. मुलीने फोनवर विचारलं, बाबा, आईकडे जाऊन आलात का? तो म्हणाला, बर्फ फार आहे. बर्फ वितळलं तेव्हा म्हणाला, चिखल फार आहे. खरं म्हणजे ती काय विचारणार ते त्याला माहीत होतं. इतक्या वर्षांच्या संसारात तो तिच्याशी एकदाच खोटं बोलला होता, तेही डोळ्यांनी अंतर मोजून, आणि आता तिच्यासमोर उभं राहिलं तर तोंडावर दिसेल असं त्याला वाटत होतं.

मार्चात तळं भरलं आणि या वेळी भरलेलंच राहिलं. एप्रिल गेला, पाणी हललं नाही. पाणकणसांचे कोंब वर आले, कुणी न पेरलेले, शंभर वर्षं मातीत पडून राहिलेल्या बियांतून, असं जोलीन सांगायची. बेडूक तर असे मातले की रविवारच्या प्रार्थनेत पाळकांना आवाज चढवावा लागला. "परमेश्वराची आणखी काही लेकरं आज हजर आहेत," ते म्हणाले आणि लोक हसले. एल्डन हसला नाही.

प्रार्थनेनंतर वेंडलने त्याला दारातच अडवलं. बखोटीला धरून दफनभूमीतून खाली नेलं. खालच्या कोपऱ्यात पाय टाकला की गवतातून पाणी वर येत होतं, बुटांभोवती जमत होतं. दोन्ही दगड जागेवर होते. मेपल फुलावर आला होता. त्याच्या बुंध्याशी वेंडलची यंत्रकरवत ठेवलेली होती.

बेडकांच्या गोंगाटात वेंडलला ओरडून बोलावं लागलं. "पाडून टाकतो! आजच! मला बघवत नाही रे याच्याकडे!"

एल्डनने मान हलवली.

"का नको? यानंच केलं सगळं! हा मेपल नसता तर ती दोघं कोरडी..."

एल्डनने झटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला. म्हाताऱ्याच्या हातात इतका जोर असेल असं वेंडलला वाटलं नव्हतं.

"हळू बोल," एल्डन त्याच्या कानाशी म्हणाला. "तिला माहीत नाही."

वेंडलने मोठ्या दगडाकडे बघितलं. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "वीज पडली म्हणून सांगू तिला."

"तू पाळण्यात होतास तेव्हापासून ती तुझं खोटं ओळखते."

वेंडलने करवत उचलून खांद्याला लावली. दोघं म्हातारे ओल्या गवतातून पाय हलकेच उचलत, आवाज होऊ न देता, गाडीकडे गेले.